चावीकाकांचा इतिहासाचा तास

शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं कारकुनी करून मी एकच मोठी चूक केली, पण ती अशी की बाकीच्या वर्षांची कसर भरून निघाली. दहावीच्या फॉर्मवर 'जगाचा इतिहास' आणि 'स्थानिक इतिहास' असे दोन चौकोन होते. हातात चहा, तोंड खिडकीकडे, आणि खूण भलत्याच चौकोनात. वर्षभर मुलांनी दोन महायुद्धं आणि तीन क्रांत्या घोकल्या. तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरल्यावर कळलं, की परीक्षा गावाच्या इतिहासाची आहे.

मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढून फॉर्म माझ्यासमोर आपटला आणि मास्तरांना बोलावलं.

"जग कळल्याशिवाय मूल मोठं होत नाही," इतिहासाचे मास्तर कुरकुरले.

"मोठं झालेलं मूल नापास होऊन याच गल्लीत परत येणार आहे," बाई म्हणाल्या. "गावाचं पुस्तक आहे तुमच्याकडे?"

नव्हतं. जगाची पुस्तकं कपाटभर, गावाचं पान नाही. मास्तर बदलीवर आलेले. त्यांना गावातला शाळेचा रस्ता तेवढा पाठ.

मग मला चावीकाका आठवले. खांद्यावर छातीएवढी लोखंडी चावी टाकून चौतीस वर्षं गल्लोगल्लीचं पाणी सोडणारे. त्यांची नात त्याच वर्गात. तिला नर्स व्हायचं होतं. नापास झाली तर वर्ष बुडणार.

"इतिहास? त्यातच तर मी चौथीत आपटलो," काका म्हणाले. मग थांबून, "पोरगी अडकलीय कशात म्हणता?"

"माझ्या चुकीत."

"खरं बोललात. चला."

दुसऱ्या दिवसापासून वर्ग रस्त्यावर भरू लागला. काका झाकण उचलायचे, मुलं खड्ड्यात वाकायची. पाइपवर परदेशी कारखान्याचं नाव आणि साल कोरलेलं.

"हा वरच्या आळीचा. खालच्या आळीचा पुढच्या बोटीनं यायचा होता. लढाई पेटली, बोट बुडाली. आठ वर्षं खालची आळी विहिरीवर. वरचे लोक खाली पोरी देईनात, पाणी कोण ओढणार म्हणून. माझ्या आजीचं पहिलं जमलेलं लग्न त्यातच फिसकटलं."

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मास्तर लांबून, सावलीतून.

"माझ्या आधीच्या चावीवाल्यानं. त्याला त्याच्या आधीच्यानं. आणि आजी तर मरेपर्यंत सांगत होती."

तिसऱ्या दिवशी मास्तर गुडघे टेकून पाइपवरचं साल वाचत होते. "अरे, ही लढाई तर मी शिकवलीय," म्हणाले, जणू परगावी घरचं माणूस भेटलं.

परीक्षेच्या दिवशी मी दाराला कान लावून उभा. परीक्षकांनी नातीला गावातली मोठी घटना विचारली.

"पाइप न येणं," ती म्हणाली, आणि बोटीपासून खापरपणजीच्या लग्नापर्यंत अकरा मिनिटं थांबली नाही. परीक्षक बाहेर आले ते मलाच विचारत, "मग त्या आजीबाईंना दुसरं स्थळ मिळालं ना हो?"

सगळी पोरं पास झाली. तेव्हा कुठे मला जेवणाची चव कळली.

निकालाच्या दिवशी शाळेच्या अंगणात काका भेटले. मी अगदी हलका झालो होतो, आणि हलका माणूस मोठे प्रश्न विचारतो. "काका, तुम्हीच सांगा. शाळेत आधी काय शिकवावं, गावाचा इतिहास की जगाचा?"

काकांची नजर माझ्यावर नव्हतीच. कोपऱ्यात पोरं तोंडं धुऊन पळाली होती आणि मागे धार तशीच वाहत होती.

"आधी नळ बंद करायला शिकवा."