सोनवणे काका आणि वर चढलेली लाइन

सोनवणे काका लॅबमध्ये आले की आधी माणसांकडे बघायचे नाहीत. थेट गॅस क्रोमॅटोग्राफच्या स्क्रीनपुढे वाकून विचारायचे, "काय म्हणती लाइन?" औषधात सॉल्व्हंट किती उरलंय हे ते यंत्र सांगायचं. नमुना जात नसताना लाइन खाली सपाट हवी. ती वर चढली की कुठल्याच आकड्यावर भरवसा नाही.

मी नवीन होते आणि तोंडाची फटकळ. एकदा लाइन चढली तशी मी डिटेक्टर, म्हणजे ज्योतीत वाफ जाळून मोजणारा भाग, उघडायलाच बसले. काका म्हणाले, "थांब बाई. आधी आतली ज्योत इझव. लाइन खाली आली तर वायरिंग ठीक हाय, घाण दुसरीकडं हाय. लई शानपना करू नको, एका टायमाला एकच गोष्ट काढ." त्यांचं हे एवढं शिकवणं मला आजही पुरतंय.

मुकुंदवाडीत ते एका खोलीत एकटेच राहायचे. काकू वारल्या होत्या, मुलगा दुबईला. सुट्टीच्या दिवशीही कंपनीत यायचे. मी एकदा चिडवलं, "काका, घरी करमत नाही का?"

"नाय करमत," ते म्हणाले. इतकं सरळ म्हणाले की मलाच कसंतरी झालं.

साठी उलटली होती. मॅनेजर दर मार्चमध्ये त्यांना वर्षभराची मुदत वाढवून द्यायचे. एका वर्षी नेमकी मार्चमध्येच लाइन चढली आणि उतरेना. ज्योत विझवली की खाली, पेटवली की वर. गॅसचे सिलिंडर बदलले, नमुना ज्या नळीतून येतो तो कॉलम काढून डिटेक्टरचं तोंड बंद केलं, तरी वरच. म्हणजे घाण डिटेक्टरमध्येच. काकांनी तो उघडला, घासून धुतला, बसवला. लाइन आणखी चढली. चार दिवस हेच. मॅनेजर दारातून बघून जायचे, आणि काकांचा डबा तसाच घरी जायचा.

पाचव्या दिवशी त्यांची बोटं फारच आखडली, म्हणून सगळं मी धुऊन बसवलं. दुपारपर्यंत लाइन खाली बसली. माझ्या तर उड्याच मारायच्या बाकी होत्या. काका मात्र स्वतःची बोटं नाकाशी नेऊन उभे होते.

"बाम," ते म्हणाले. "सांधे दुखत्यात म्हणून लावतो रोज. धुतलेल्या पार्टाला मीच माखत होतो की."

रिपोर्टमध्ये कारण लिहायचं होतं. मी पेन धरून बसले. "लिही माझं नाव," ते म्हणाले. "खोटं कशाला?"

मी लिहिलं. काकांना मुदतवाढ मिळाली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. त्यानंतर ते दोनदा गेटपर्यंत आले होते, असं वॉचमननं सांगितलं. पास नाही म्हणून आत सोडलं नाही. मला बोलवू का विचारलं, तर "नको, कामात असंल," म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मला आठवड्यानं कळलं.

'हातमोजे न वापरता भाग हाताळला' असंही लिहिता आलं असतं. तेही खरंच होतं, कारण त्या कामाला आमच्यात कुणीच मोजे घालत नव्हतं, मीसुद्धा नाही. नाव लिहायची गरज नव्हती. ते लिही म्हणाले आणि मी लिहिलं.