भोसरीतले रविवार

माझ्या आईवडिलांची काडीमोड चाकणला, आमच्या घरापुढच्या अंगणात झाली. मी सात वर्षांची होते, धाकटी बहीण तीनची. दोन्हीकडची पाच-सहा माणसं पंच म्हणून घोंगडीवर बसली होती. थोरल्या चुलत्यांनी बाजरीच्या सरमडातली वाळकी काडी वडिलांच्या हातात दिली, ती त्यांनी मोडली, आणि मग एका स्टँपच्या कागदावर आईचा अंगठा घेतला. आईला वाचता येत नव्हतं. कागद वाचून दाखवला तोही भराभर. तिच्या कानांवर एवढंच पडलं, की पोरींचं मागाहून बघू. कागदात लिहिलं होतं ते वेगळंच. दोन्ही पोरी बापाकडे राहतील, आणि बाई पुढे कसलीही पोटगी मागणार नाही.

कारण सांगण्यासारखं मोठं नव्हतं. धाकटीच्या पाठीवर आईला मूल झालं नाही, आणि घराला मुलगा हवा होता. पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही असा कायदा झाला होता. तेवढा कायदा चुलत्यांना कांद्याच्या बाजारात कुणीतरी नीट समजावून सांगितला होता. वडील, आमचे आबा, स्वभावाने वाईट नव्हते. भावापुढे मान वर करायची त्यांना सवयच नव्हती. काडी मोडायच्या आधी त्यांनी भावाकडे पाहिलं, हे मी पाहिलं आहे.

आई देहूजवळच्या तिच्या माहेरी गेली. आठ दिवसांनी आम्हाला न्यायला आली तेव्हा चुलत्यांनी तिला ओटीवरच थांबवलं.

"कागद झालाय," ते म्हणाले. "आता तुजं हितं काय न्हाई."

"पोरी माज्या हायेत," आई म्हणाली.

"पोरी आमच्या घरान्याच्या हायेत."

आई तशीच परत गेली. पण गप्प बसली नाही. मामाने कुणाची तरी ओळख काढून तिला पुण्याला एका वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, "पंचांना पोरी वाटून द्यायचा अधिकार कुणी दिला? ते कोर्ट ठरवील. पोरींचं भलं कशात आहे ते कोर्ट बघतं." आणि मग पुढचं, जे आई शेवटपर्यंत त्यांच्याच शब्दांत सांगायची: "नव्या कायद्याने पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे राहतं. धाकटीचं काम होईल. थोरलीचं मात्र सांगता येत नाही."

खटला वर्षभर चालला. त्या वर्षात मी आईला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा कोर्टाच्या आवारात, लांबून.

शेवटच्या तारखेला जज्जसाहेबांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत ते, एक कारकून आणि मी. वर पंखा होता. फिरणारा पंखा मी पहिल्यांदाच पाहत होते. साहेब वयस्क होते, आवाज मऊ होता.

"बाळ, तुला कुठं राहायला आवडेल?"

"चाकणला," मी म्हणाले.

"चाकणला का?"

"तितं आमची गाय हाय. आबा हायेत. माजी शाळा हाय."

ते हसले, मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. "जा, बस बाहेर," म्हणाले.

मला कुणी पढवून पाठवलं नव्हतं. पुढे बायकांनी मला हे अनेकदा विचारलं, म्हणून सांगते. कुणी धमकावलं नव्हतं, खाऊ दिला नव्हता. त्यांनी विचारलं कुठं, आणि मी गावाचं नाव सांगितलं. माझ्या मनात चाकण म्हणजे आमचं घर, आणि घरात आई असणारच. हे कोर्टकचेरीचं एकदा संपलं, की आम्ही सगळी एसटीत बसून घरी जाणार, असं मी धरून चालले होते. कुणाकडे, असं त्यांनी विचारलं असतं तर मी आईचं नाव घेतलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

निकाल लागला. धाकटी आईकडे. मी वडिलांकडे, कारण मुलीची इच्छाही तीच आहे. धाकटीसाठी वडिलांनी दरमहा पोटगी द्यायची. आणि महिन्यातून एका रविवारी आईला मला भेटू द्यायचं.

धाकटी तेव्हा चार वर्षांची झाली होती. वर्षभर आईपासून लांब राहिल्यामुळे ती माझ्याच अंगाखांद्यावर होती. माझ्याच ताटात जेवायची, माझ्याच पांघरुणात झोपायची. कोर्टाच्या व्हरांड्यात आई तिला घ्यायला पुढे आली, तर तिने माझ्या परकराला गच्च मिठी मारली. मामाने तिची बोटं एकेक करून सोडवली. ती ओरडत होती ते "आई" म्हणून नव्हे, "ताई" म्हणून. आईने ते ऐकलं. तिला कडेवर घेतल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण वडील माझा हात धरून उभे होते.

"चल," वडील म्हणाले, "गाडी चुकंल."

मी म्हटलं, "आई?"

"ती न्हाई येत."

तेव्हा मला कळलं.

भेटीची जागा भोसरी ठरली. पोरगी आईच्या बिऱ्हाडी जाणार नाही, असं चुलत्यांनी सांगितलं, आणि आईला चाकणच्या घराची पायरी चढायची नव्हती. भोसरी मधे पडायची. तिथे आमचं कुणी नव्हतं. चुलत बहीण मला एसटीने घेऊन यायची आणि तिच्या मैत्रिणीकडे दुपार काढायची. आई पिंपरीहून धाकटीला घेऊन यायची, बरीचशी वाट चालत. पिंपरीत एका कारखान्यात तिला काचेच्या बाटल्या धुवायचं काम मिळालं होतं, आणि निर्वासितांच्या छावणीलगत तिने एक खोली घेतली होती.

आम्हाला बसायला घर नव्हतं, म्हणून आम्ही गावाबाहेरच्या एका विहिरीवर जायचो. आई पिशवीतून शिकेकाई, तेल आणि फणी घेऊन यायची. पहिल्यांदा मला न्हाऊ घालायची. सबंध महिन्याचं घासून काढल्यासारखी घासायची. मग उन्हात बसवून केस मोकळे करायची, उवा बघायची, तेल घालून दोन घट्ट वेण्या घालायची. या सगळ्यात दोन-अडीच तास जायचे. त्या वेळात ती फारसं बोलत नसे. हातांना काम असलं की तिला बरं वाटायचं, आणि मलाही. मग ज्वारीची भाकरी आणि पिठलं. मग गाडीची वेळ.

धाकटी पहिले दोन-तीन रविवार मला चिकटून असायची. पुढे लांबून बघू लागली. आई कामावर गेली की शेजारची एक सिंधी बाई तिला सांभाळायची. माणूस फार मायाळू. धाकटी तिच्या घरातलं बोलू लागली, अर्धं हिंदी, अर्धं त्यांचं. माझ्याशी बोलताना मधेच असा शब्द घालायची की मला कळायचा नाही, आणि मी "काय?" विचारलं की रागावून आईच्या पाठीमागे जाऊन बसायची.

चाकणला वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं. नवी आई सतरा-अठरा वर्षांची असेल. तिने मला कधी छळलं नाही. पहिल्याच महिन्यात मी भोसरीला निघाले तेव्हा ती हळूच दाराशी आली.

"त्यास्नी सांग," ती म्हणाली, "मी मारत न्हाई म्हून."

मी तसं सांगितलं. आई फणी फिरवता फिरवता थांबली. "व्हय?" म्हणाली. "बरी हाय मंग." आणि तिने पुन्हा फणी फिरवायला घेतली.

पोटगी पहिले पाच-सहा महिने आली. मग थांबली. त्या साली नव्या आईला मुलगा झाला आणि घरात पैसा लागत होता, हे खरं. पण चुलत्यांनी चुलत बहिणीबरोबर जो निरोप धाडला, तो पैशाचा नव्हता. ती बिचारी विहिरीवर मान खाली घालून उभी राहिली आणि एका दमात बोलून गेली: "काकी, त्यांनी सांगितलंय, पैसं मागितलं तर पोरगी दिसायची न्हाई."

आईने फणी पुसून पिशवीत टाकली. तिने ते खरं मानलं. तिला वाटलं, हा सौदाच आहे. एका हाताने घ्यायचं, तर दुसऱ्या हाताने द्यायचं. पोटगी सोडली तर मी दिसणार, मागितली तर नाही. तिने पोटगी सोडली.

आणि त्यामुळेच भेटी गेल्या. धाकटीला शाळेत घालायचं होतं, खोलीचं भाडं होतं. एकटीच्या मजुरीत भागेना. कारखान्यात रविवारी जादा काम मिळायचं, ते ती घेऊ लागली. आधी एक रविवार चुकला, मग दोन, मग लागोपाठ. मी भोसरीच्या थांब्यावर पिंपरीकडून येणाऱ्या वाटेला डोळे लावून बसायचे. चुलत बहीण म्हणायची, "आता न्हाई यायची. चल." आई मला कळवणार कसं? तिला लिहिता येत नव्हतं, आणि आमच्या घरी आलेलं पत्र चुलत्यांच्याच हाती पडलं असतं. मला वाटायचं, आता तिला धाकटीच पुरते.

दीड-दोन वर्षं अशी गेली. वर्षातून तीन-चार भेटी झाल्या असतील. एका भेटीत मी न्हायला बसलेच नाही. "घरी न्हालीय," म्हणाले. आईने शिकेकाईची पुडी परत पिशवीत ठेवली.

पुढे कारखान्यात बायकांची विचारपूस करायला एक बाई आल्या. त्यांनी आईला विचारलं, तुम्ही एकही रविवार घरी का नसता? आईने सगळं सांगितलं. त्या बाईंनी तिला जे समजावलं, ते आईने मला विहिरीवर जसंच्या तसं सांगितलं होतं.

"अहो, कुणी सांगितलं तुम्हाला हे? पोटगी तुमची नाहीच, ती मुलीची आहे. तुम्ही ती सोडू शकत नाही. आणि भेट वेगळी. पैसे दिले-न दिले म्हणून भेट थांबत नाही, आणि भेट दिली म्हणून पैसे बुडवता येत नाहीत. दोन्ही कोर्टाचे हुकूम आहेत. एकाचं दुसऱ्याशी देणंघेणं नाही."

एवढंच होतं ते. दोन वाक्यांची गोष्ट. ती आधी कुणी सांगितली नव्हती.

आईने अर्ज केला. चुलत्यांनी खरोखरच मला पाठवणं बंद केलं. आईने त्यावरही अर्ज केला. चार महिन्यांनी वडिलांना कोर्टात समज मिळाली. त्या दिवशी घरी आल्यावर वडील मला म्हणाले, "ह्या रविवारी जा तू आयकडं. मी सोडतो." चुलते समोर बसले होते. वडील त्यांच्याकडे न बघता बोलले. माझ्या आठवणीत असं ते पहिल्यांदाच बोलले. पोटगीची मनीऑर्डर तेव्हापासून धाकटी मोठी होईपर्यंत चुकली नाही.

त्या रविवारी आई आणि मी दोघीच होतो. धाकटीला ताप होता, ती शेजारी राहिली होती. मी अकरावं ओलांडलं होतं. आई म्हणाली, "वकील म्हनत्यात, तुज्यासाठी पुन्यांदा अर्ज करता येतो. तू मोठी झालीस. जज्ज तुला इचारतील." मग थांबून म्हणाली, "येशील का माज्याकडं?"

मी आधी तिला ती जुनी गोष्ट सांगितली. चाकणला का म्हटलं होतं ते. मला वाटलं होतं आपण सगळी घरी जाणार. आई ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि ती हसली. "मला म्हाईत व्हतं," म्हणाली. "आगं, मला म्हाईत व्हतं. जज्जाला कसं म्हाईत असंल?"

मग ती माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.

मी सांगायला नको होतं ते सांगितलं. माझी शाळा चाकणला होती. सातवीच्या परीक्षेपर्यंत पोचायचं होतं. सावत्र भाऊ दोन वर्षांचा होता, आणि माझ्याशिवाय कुणाकडून घास घेत नव्हता. पिंपरीची खोली मी एकदाही पाहिली नव्हती. तिथे धाकटी होती, आणि ती माझ्याकडे कुणी पाहुणी आल्यासारखी बघायची. हे सगळं खरं होतं. पण मी एवढंच म्हणाले, "मी चाकणलाच बरी हाय."

या वेळी मला कुणी चुकीचा प्रश्न विचारला नव्हता.

आईने पुन्हा विचारलं नाही. "बरं," म्हणाली. अर्ज झाला नाही. रविवार चालू राहिले, माझ्या लग्नापर्यंत. पुढे मी चाकणलाच शाळेत शिक्षिका झाले. आई थकली तेव्हा मी तिला चार-सहा महिने माझ्याकडे आणलं, पण तिचा जीव पिंपरीत होता. शेवटी धाकटीच्याच घरी ती वारली.

धाकटी आता आकुर्डीला असते. नर्स होती, निवृत्त झाली. आम्ही दोघी सणासुदीला भेटतो, एकमेकींच्या नातवंडांना खाऊ देतो. ती माझं सगळं मानाने करते. बसायला पाट देते, जेवायला आधी वाढते, मला "अहो ताई" म्हणते. एकदा मी म्हटलं, "अगं, सख्खी बहीण ना मी तुझी? अहो कसलं करतेस?"

ती ओशाळली. "तोंडात बसलंय हो," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.