नट-वायसर जागच्या जागी

बारामतीला फौजदार असताना तपासलेला तो गुन्हा मी अजून विसरलेलो नाही. नव्वदीची वर्षे. पिंपळी-कन्हेरी भागात विहिरींवरच्या मोटरी उघडून आतली तांब्याची तार चोरीला जात होती.

फिर्याद द्यायला आलेले एक आबा टेबलावर हात आपटून म्हणाले, "तांबं नेलं किलोभर, सायेब, पण पाण्याबिगर माझं भाजीचं माळवं वाळलं अख्खं! तुमी बसा हितं पंख्याखाली."

आम्ही नेहमीचेच केले. रेकॉर्डवरचे जुने चोर उचलून आणले, दिवसभर बसवून ठेवले. हाती काही लागले नाही. त्या माणसांची माफी कुणी मागितली नाही, मीही नाही.

पुढच्या पंचनाम्याला हवालदार म्हणाले, "चोर लई टापटीप हाय, साहेब." मोटरचे झाकण परत बसवलेले होते. प्रत्येक नट वायसरसकट जागेवर. चोराला एवढी सवड नसते. कारागिराला सवय असते.

जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या एका चाचांना मी ती मोटर दाखवली. झाकणावरून बोट फिरवून ते म्हणाले, "ह्यो आयटीआयचा हात हाय. असली पोरं रोज येत्यात काम मागाया. मी किती ठिवू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यातला एक मोडीच्या तांब्याचा भाव इचारत हुता."

चाचांनी सांगितलेला तो पोरगा ठाण्यात आणला. विशीतला. बाप पूर्वी मेंढरं राखायचा, आता शेतमजुरी. पोरगा तासभर नाहीच म्हणत राहिला. मी हात उगारला नाही. टेबलावर उघडी मोटर आणि सुटे नट ठेवले होते. बोलता बोलता त्याचे हात आपोआप चालू लागले. आधी वायसर, मग नट. तिसऱ्या नटाला त्याला कळले आणि तो थिजला.

"कुणी शिकवलं?"

"सरांनी. काम झालं की समदं जाग्यावर लावायचं म्हणायचे." आणि रडू फुटले. "जाईल तितं इचारत्यात, अनुभव हाय का? काम दिल्याबिगर अनुभव कुठनं आणू, साहेब?"

भंगारवाल्याकडून तार जप्त केली, पोराला अटक केली. बाप ठाण्याच्या दारात उभा. "उद्या त्याची मुलाखत हाय कारखान्यात. तेवढी हुंद्या, मग न्या." मला ते करता येत नव्हते. गुन्हा खरा होता. वाळलेले माळवेही खरे होते.

दुसऱ्या दिवशी पोराला कोर्टात पाठवून मी हवालदारांना घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात गेलो, मुलाखतीची पुढची तारीख मिळते का विचारायला. जागा एक. पोरांची रांग फाटकातून रस्त्यावर आलेली. आतल्या साहेबांनी नुसते बाहेर बोट दाखवले. "तारीख कुणाकुणाला देऊ?"

तरुण बिघडले म्हणून सिनेमाला आणि संस्कारांना दोष देणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली. मंचावरून बोलायला सोपे जाते. गावोगाव पोरे वाढली, आपण त्यांच्या हाताला कसब दिले आणि फाटक लावून घेतले. चोरीचे समर्थन मी करत नाही. पण आरोपपत्रात नाव एकट्या पोराचेच येते, फाटक लावणाऱ्यांचे कधीच नाही.

परतताना हवालदारांनी रांगेकडे पाहत सवयीने खिशातली वही काढली. "नावं लिहून घिऊ का, साहेब? पुढं चोरी झाली की उपयोगी पडतील."

मी नको म्हणालो. त्या पोरांची नावे लिहून घ्यायला सरकारकडे तेवढी एकच वही असावी, याचा संताप नोकरी संपली तरी संपलेला नाही.