नारळावर न मिटलेलं पोतं

सन २०१७. माझं वय सत्तावन्न, नोकरीचं शेवटचं वर्ष. तो दिवस आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढं आहे. मी सातवी शिकलेला. शिपायाचा जमादार झालो तो कामावर, कुणाच्या चिठ्ठीवर नाही.

हिंगणीकडच्या एका गावातून महिला दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा ठाण्यात फोन आला. एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात, माळ्यावर पोतं सापडलं होतं. "दारूचा वास नाई जमादार, दुसराच येते. तुमी या."

आमचा जिल्हा दारूबंदीचा. त्यावर या गावाचा आपला ठराव होता. कोणतीही नशा सापडली, की घरातल्या वडीलधाऱ्यानं मारुतीपुढं नारळावर हात ठेवून चूक कबूल करायची, माल नालीत फेकायचा, विषय संपला.

ठाणेदार साहेबांसोबत गेलो. पोत्यात खाकी टेप लावलेली गांजाची पाकिटं निघाली. पंच बोलावले, वजन केलं, नमुने काढून लाखेचं सील मारलं. सरपंच मधे पडला.

"गावातच मिटवतो न साहेब. ठराव हाय आमचा."

मी म्हणालो, "तो दारूपुरता ठेवा. गांजाले दिल्लीचा कायदा हाय. त्याच्यापुढं तुमचा ठराव चालत नाई, आन् जिल्ह्याची दारूबंदीबी नाई."

तेवढ्यात म्हातारा पुढं आला. "माल माहा हाय. आणा नारळ."

त्याला ठाण्यात आणलं. साहेबांनी विचारपूस माझ्याकडं दिली. म्हातारा पाहुण्यासारखा निवांत बसला होता.

"बाबा, एवढं जड पोतं माळ्यावर कसं चढवलं?"

"चढवलं कसंतरी."

"हात वर करा बरं."

उजवा हात खांद्याच्या वर जाईना. "सेवाग्रामले दाखवला," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणे, असाच राहीन आता."

"मंग खोटं काऊन बोलून राह्यले?"

"घरात मोठ्यानंच पुढं व्हा लागते. संध्याकाळी सोडान न मले?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा बसला होता पोलीस ठाण्यात, पण मनानं कबुली दिली होती मारुतीपुढं. मी खुर्ची जवळ ओढली. "बाबा, एवढ्या मालाले कमीत कमी दहा वर्षं हायेत. जामीनबी सोपा नाई."

"दहा वर्षं तं मी जगतबी नाई जमादार." मग म्हातारा हळू आवाजात बोलला, "जावयानं ठेवलं. म्हणे मोहाची दारू हाय, दोन दिवस राहू द्या. जावयाले गावापुढं उभं केलं, तं पोरीले तोंड कसं दाखवू?"

जावई टेम्पो चालवायचा. सेलूच्या रस्त्यावर टेम्पो अडवला, तर सीटखाली त्याच खाकी टेपची पाकिटं. ठाण्यात आल्यावर त्याचं पहिलं बोलणं असं, "सासरे सुटले असतीन न नारळावर?" गावाची रीत पाहूनच त्यानं ती जागा निवडली होती.

म्हाताऱ्याला आरोपी न करता साहेबांनी साक्षीदार केलं. नोकरीत मी पुष्कळ अटका केल्या, पण त्या संध्याकाळी एक अटक टळली तेव्हा जेवढं हलकं वाटलं तेवढं कधी वाटलं नाही. माणूस कबूल झाला, की तो कोणत्या कायद्यापुढं कबूल झाला हे आधी पाहावं. एवढं मी त्या पोत्यावरून शिकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या गावात गेलो, बायामाणसं पारावर जमवली आणि गांजाचा कायदा सांगितला. एक बुढा म्हणाला, "म्हंजे मोठ्यानं पुढं व्हायचंच नाई काय आता?"

"व्हा न," मी म्हणालो, "पण आधी पोतं उघडून पाहात जा."