म्हैस पाहायला आलेली बाई

मुलाकडच्यांनी काहीच मागितलं नाही, तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. बोलणी गोंदियाला माझ्या दिराच्या घरी झाली. हॉल नको, बँड नको, तुमच्या दारातच मांडव घाला, असं मुलाची आई म्हणाली. माझी लेक आधीपासून हेच म्हणत होती. हिरव्या बांबूंचा मांडव, त्यावर जांभळीच्या डहाळ्या, घंगाळात नवेगाव बांधच्या तलावातली कमळं, पंगतीला पळसाच्या पत्रावळी. कमी खर्चात देखणं लग्न. ऐकायला छानच होतं. पण मुलाकडचे आपणहून इतकं सोडून देतात, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरच्यांनीही लग्नात काही मागितलं नव्हतं. नंतर मागत राहिले, आणि बहीण कायमची माहेरी परतली. ती भीती माझ्या मनातून कधी गेलीच नाही. मी लेकीला बजावलं, माझी खात्री होईपर्यंत पत्रिका छापायची नाही. नाही पटलं तर सोयरीक मोडायची.

"आई, तुले कोनावर तरी भरवसा आहे का?" ती म्हणाली आणि माझ्याशी धड बोलेनाशी झाली.

त्यातच आमच्या गावी, मुर्रीला, शेजारणीकडे एक अनोळखी बाई म्हैस पाहायला आली. म्हशीकडे ढुंकूनही न बघता आमच्याच घराचं विचारत बसली. शेजारणीने हे सांगितलं आणि माझं डोकं आणखी भणभणलं.

आमच्याकडे लग्नाची चौकशी आडूनच करतात. सरळ विचारलं तर सोयऱ्यांना राग येतो. मी मुलाच्या गावी, दवनीवाड्याला गेले. भाच्यासाठी मुलगी पाहतेय असं सांगत किराणा दुकानात, हातपंपावर त्या घराचा विषय काढला. पोरगा निर्व्यसनी, माय मायाळू, सगळे चांगलंच बोलले. अख्खं गाव एका सुरात कसं बोलतं? यांना कोणी पढवून ठेवलंय की काय?

हातपंपावरची एक म्हातारी माझ्याकडे टक लावून पाहत होती. "तू मुर्रीची तं नाही? त्या घरची बाई बी मागच्या हप्त्यात मुर्रीले गेलती. म्हैस पाहाले."

मी तडक मुलाच्या घरी गेले. विहीणबाईंनी गडबडून चहा ठेवला. कप हातात येताच मी विचारलं, "म्हैस पसंत पडली का?"

त्यांचा चेहरा पार उतरला. मग म्हणाल्या, "हॉल नको म्हटलं तं तुमी लगेच हो म्हटलं. कोनती पोरीची माय असं म्हनते? वाटलं, पोरीत काही खोट असन."

"मग काय कळलं?"

"पोरगी लाखात एक आहे म्हनतात."

"आन् माय?"

त्यांनी नजर चहात घातली. "माय लय शक्की आहे म्हनतात."

मला लाज वाटली आणि हसूही फुटलं. मग मी बहिणीचं सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "मले मागाचं असतं तं तुमच्या तोंडावर मागितलं असतं." बहिणीच्या सासूसमोर आमच्यातलं कोणी असं बसलंच नव्हतं.

घरी आले तर लेक ओसरीत पळसाची पानं निवडत बसली होती. मी चपला काढता काढता म्हटलं, "पत्रिका छापायला टाक."

वाटलं, उठून गळ्यात पडेल. तिने हातातलं पान खाली ठेवलं आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"काऊन? तिकडं काय झालं? तू काय लपवून राहिली?"