गैरहजेरीचा दाखला

बारा जून. सकाळची पहिली एसटी धरून आष्ट्याहून साताऱ्याला आले आणि अक्काचं कपाट रिकामं करायला घेतलं. नऊ साड्या, दोन स्वेटर, वडिलांचं मिलिटरीचं घोंगडं, औषधांचा डबा. साड्या वाटायच्या, औषधं टाकायची, घोंगडं न्यायचं. मला खरं तर दोनच कागद हवे होते. एक घराचा उतारा. दुसरं, लग्नानंतर घरावरचा हक्क मी अक्काच्या नावे सोडला होता, त्याचं हक्कसोडपत्र. वकिलांनी दोन्ही उद्या सकाळी आणायला सांगितलं होतं. कागद खालच्या कप्प्यात मिळाले. त्यांच्याखाली अक्काची वही होती, खाकी कव्हर घातलेली. मी जमिनीवर बसले आणि दुपारपर्यंत उठले नाही.

अक्का गेली बावीस मार्चला. मार्च म्हणजे आमच्या कांडपाचा हंगाम. वर्षभराची चटणी करायला बाया मिरचीची पोती घेऊन दारात रांग लावतात. यंत्राच्या आवाजात फोन ऐकू येईना म्हणून मी बाहेर आले. साताऱ्याची शेजारीण होती. "आवं शोभाताई, अक्का खुर्चीतच गेल्या. चप्पल घातलेली हाय, पिशवी मांडीवर हाय." ती कोर्टाची पिशवी. त्या दिवशी तारीख होती. मी यंत्र बंद केलं आणि मिरची परवा मिळेल म्हणून सांगितलं. कांडपाच्या खोलीत सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी असतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

अक्का म्हणजे वत्सला, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. वडील लष्करातून सुभेदार होऊन परतले, साताऱ्यात अडीच गुंठे घेतले आणि त्यावर दोन खोल्या बांधल्या. अक्कानं लग्न केलं नाही. का, ते विचारायची सोय नव्हती. ती एका वाचनालयात होती, वर्तमानपत्रांच्या टेबलावर. तिथं सकाळपासून पेन्शनर सैनिक येऊन बसायचे, आणि एकेका पेपरावरून सीमेवरच्यासारखी भांडणं. अक्कानं नियम केला होता, एका माणसाला एक पेपर वीस मिनिटं. कुणाला डुलकी लागली की ती पेपर हळूच काढून घ्यायची. "काका, डोळं मिटून वाचताय व्हय? मग पेपर कशाला पायजे?" दुसरा नियम असा, की पेपर रद्दीत निघेपर्यंत त्याला कात्री लावायची नाही. रद्दी तीन महिन्यांनी निघायची. एखाद्याला मुलाच्या निकालाचं कात्रण हवं असलं तरी तीन महिने थांबायचं. लोक चिडायचे... ती ऐकायची नाही.

तेवीस वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या वेळी डॉक्टरांनी मला हलू नको म्हणून सांगितलं. मला माहेरी जाता येईना, म्हणून अक्काच रजा काढून आष्ट्याला आली आणि सव्वा महिना राहिली. परत गेली तर घरामागच्या जागेत भिंत उभी. आमच्या मागच्या बाजूला मंगल कार्यालय होतं. त्याच्या मालकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणते. पूर्ण नाव लिहीत नाही, दावा चालू आहे. भाऊसाहेबांनी आमची नऊ फूट जागा घेतली होती, त्यात कपडे धुवायचा दगड आणि शेवग्याचं झाड गेलं. अक्का विचारायला गेली तर म्हणाले, "अक्का, मोजणीत काय निघंल ते बघू की. पळून थोडाच चाललोय?" तिला ते खरं वाटलं. मोजणीत आमचंच निघालं. भिंत तशीच राहिली. मग तिनं दावा लावला. माझी मुलगी आणि तो दावा एकाच वयाचे. मुलगी आता पुण्यात नोकरी करते.

पैसेवाले निकाल फिरवतात असं लोक म्हणतात. माझ्यासमोर तसं काही घडलेलं नाही, म्हणून मी तसं लिहिणार नाही. न्यायाधीश येत गेले, बदलून जात गेले. माझ्या मते बहुतेक सरळ होते. एका बाईंनी साक्षीच्या वेळी अक्काला बसायला खुर्ची दिली, ते ती वर्षभर सांगत होती. पण भाऊसाहेबांना निकाल विकत घ्यायची गरजच नव्हती. निकाल लागू नये एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते फार स्वस्तात मिळतं. त्यांच्या साक्षीची तारीख आली की ते आजारी पडत. वकील उठून डॉक्टरचा दाखला पुढे करी, पुढची तारीख पडे. कधी कधी कोर्ट त्यांना दंड करी. एका लग्नातल्या विड्यांचा खर्चही त्याहून जास्त असेल. अक्काची मात्र दर वेळी एक रजा जाई. नोकरीतल्या तिच्या रजा अशाच संपल्या. देव पाहायला नाही, माझ्याकडे आष्ट्याला नाही... कोर्टाच्या व्हरांड्यात.

वही तिथून सुरू होते. डाव्या पानावर तारीख आणि दाखल्यातला आजार, तिच्या टपोऱ्या अक्षरात. उजव्या पानावर त्याच दिवसाची पेपरातली बातमी, फोटोसकट. डावीकडे "कंबरेत उसण, सात दिवस हालचाल बंद", उजवीकडे कुस्तीच्या मैदानात भाऊसाहेब गदा खांद्यावर घेऊन उभे. डावीकडे कावीळ, उजवीकडे हॉटेलच्या उद्घाटनात पेढा खाताना. एका पानावर घसा बसला आहे, बोलायची मनाई, आणि समोर माईक हातात. प्रत्येक फोटोखाली अक्कानं पेन्सिलीनं दोन शब्द लिहिलेत, "प्रकृती उत्तम". कात्रणं सगळी रद्दीतली, म्हणजे प्रत्येक तारखेनंतर तीन महिने थांबून चिकटवलेली.

एकदा तिनं वही आमच्या शिंगटे वकिलांना दाखवली. ते हसले. "अक्का, हे घरी ठिवा. फोटो बघून कोर्ट चालत न्हाई, कागद लागतो."

"डागदरचा खोटा कागद चालतो, आन माझा खरा फोटू न्हाई?"

"आवं, कागदावर शिक्का हाय."

"शिक्का तर बैलाच्या कानाला बी मारत्यात," अक्का म्हणाली आणि वही पिशवीत टाकली.

तेवीस वर्षांत अक्का फक्त एका तारखेला गेली नाही. चिकुनगुन्या झाला होता, बोटं मिटत नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पोचले आणि तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. तारीख आदल्या दिवशीच होऊन गेली होती. पट्टेवाल्यानं तीनदा पुकारा केला, शिंगटे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला. मी डॉक्टरांना म्हटलं, परवापासूनचा दाखला द्या. डॉक्टर भला माणूस, लगेच पेन काढलं. खोटं काहीच नव्हतं, ताप परवापासूनच होता. अक्का खाटेवरून म्हणाली, "डागदर, परवा तुमी मला बघितलं व्हतं का?"

"न्हाई. पण दिसतंय की."

"मग आजची तारीख टाका."

आजची तारीख कोर्टाच्या उपयोगाची नव्हती. मी रिक्षात तिच्यावर ओरडले. एवढी वर्षं तो माणूस धडधाकट फिरतो आणि कागद आणतो, तू खरी आजारी आहेस आणि तुला कागद नको? ती म्हणाली, "मग माझ्यात आन त्याच्यात फरक काय ऱ्हायला, शोभे?"  त्याचं उत्तर मी आज देते. फरक हा राहिला, की दावा पुन्हा पटावर यायला दोन वर्षं लागली आणि तेवढ्यात भाऊसाहेबांनी त्या नऊ फुटांवर कार्यालयाचा भटारखाना बांधला. चांगुलपणा कितीला पडतो ते मी त्या दोन वर्षांत बघितलं, आणि मी त्याचं कौतुक करणार नाही.

भटारखाना झाला तसं लग्नसराईत अक्काच्या घरात दिवसभर मसालेभाताचा, जिलबीच्या तुपाचा वास. तिनं मागची खिडकी कधी लावली नाही. "हवा माझी हाय," म्हणायची आणि त्या वासात भाकरी-पिठलं खायची. त्या कार्यालयात ती एकदाही जेवली नाही. ओळखीच्यांचं लग्न असलं तर आहेर आदल्या दिवशी घरी पोचवायची. मी जेवले. माझ्या जावेच्या मुलाचं लग्न तिथं होतं, जाणं भाग होतं. जेवून मी मागच्या गल्लीतून तिच्याकडे आले. तिनं चहा टाकला आणि पाठमोरीच म्हणाली, "आज मठ्ठ्यात आलं जास्त झालं न्हवं? हितवर वास आला." एवढंच. मला ते अजून पचलेलं नाही.

तडजोड कर, असंही मीच तिला सांगत होते. भाऊसाहेब एकदा आष्ट्याला आमच्या कांडपावर आले होते. गाडीतून उतरले, मला ताई म्हणाले, अक्काला त्यांच्या नव्या इमारतीत फ्लॅट देतो म्हणाले. मी अक्काला फोन केला. ती म्हणाली, "त्यानं तुझ्या दारात यायला डागदरला इचारलं व्हतं का? आज त्याची तारीख हाय. हितं दाखला आलाय, छातीत दुखतंय म्हणून." आणि फोन ठेवला.

जलदान विधीला भाऊसाहेब आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण दाराच्या पायऱ्या बिनकाठीचे चढले. तसबिरीला फूल वाहिलं, माझ्याजवळ बसले. "ताई, अक्का मला थोरल्या भणीसारख्या." अक्का त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान होती. "आता भांडायला ऱ्हायलंय कोण? तुमी आष्ट्याला. हे घर काय तुमच्यानं बघवणार न्हाई. मी योग्य ते दीन. पर घाई न्हाई. दुःखाचं दिवस हायत. तीन म्हैनं जाऊ द्यात, मग निवांत बसू." मला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बरा वाटला. इतक्या वर्षांच्या वैरानंतर दुःखाला तीन महिने देतो, थोडी तरी माणुसकी आहे, असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. आणि मिरचीचा हंगाम उरकायला निघून आले.

उन्हाळी सुट्टी संपून कोर्ट उघडलं तेव्हा शिंगटे वकिलांचा फोन आला. मी सांगितलं, भाऊसाहेब समजूतदार निघाले, तीन महिने थांबतो म्हणाले.  वकील म्हणाले, "ताई, वादी वारला की वारसानं नव्वद दिवसांत अर्ज करायचा असतोय. न्हाई केला तर दावा आपोआप बंद पडतो. तीन म्हैन्यांनी तुमी बसणार कशावर?"

मी फोन ठेवला आणि बोटांवर दिवस मोजले. फुलं वाहताना तो माणूस दिवस मोजत होता. अक्काच्या तसबिरीसमोर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन. तेवीस वर्षं त्यानं तिचा वेळ खाल्ला आणि शेवटी तिच्या मरणातूनही मुदत काढायला बघितली. लोकांनी मला सांगितलं, जाऊ दे, अक्काच गेली, आता नऊ फूट घेऊन काय करणार? भटारखाना पाडणार. आधी जिलबीची कढई, मग चिमणी, मग भिंत. त्या जागी धुण्याचा दगड टाकणार. त्यावर कुणी धुणं धुतलं नाही तरी चालेल.

बारा जूनच्या दुपारी मी वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर आले. डावीकडे "२२ मार्च" असं लिहून ठेवलेलं. आदल्या दिवशीच लिहिलं असणार. आजाराची जागा कोरी होती, तो कोर्टात कळायचा होता. त्या तारखेलाही भाऊसाहेबांचा दाखला आला होता, हे मला वकिलांकडून कळलेलं. गुडघ्याचं दुखणं, पूर्ण विश्रांती. मी तिच्या अक्षराखाली ते लिहिलं. उजवं पान रिकामं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला कोर्टात होते. अर्ज, उतारा, हक्कसोडपत्र आणि वर अक्काचा मृत्यूदाखला. कारकुनानं विचारलं, "मयताशी नातं?" बहीण. "वय?" एक्कावन्न. त्यानं दाखला उलटून शिक्का बघितला. दाव्यात आमच्या बाजूनं गैरहजेरीचा गेलेला हा पहिलाच दाखला. व्हरांड्यात भाऊसाहेबांचे वकील भेटले. "ताई, या वयात कशाला ह्यो तरास?" मी म्हटलं, "मला कुटायची सवय हाय वकीलसायेब. दमत न्हाई."

तिथून वाचनालयात गेले. अक्काच्या टेबलावर आता एक चष्मेवाली मुलगी बसते, अक्काच्याच हाताखाली शिकलेली. तिला मी तेवीस मार्चचा पेपर मागितला. तिनं गठ्ठ्यातून काढून दिला. चौथ्या पानावर भाऊसाहेब होते. आदल्या दिवशी सकाळी ज्येष्ठ नागरिकांच्या चालण्याच्या स्पर्धेला झेंडा दाखवून, स्वतःही चार पावलं पुढे चालत. रद्दी निघायला अजून दहा दिवस होते. अक्का थांबली असती. मी पर्समधून कात्री काढली. मुलीनं कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता नियम सांगेल असं वाटलं.

"जरा कडंनं कापा," ती म्हणाली. "मागल्या बाजूला शब्दकोडं हाय. त्ये तुटलं तर काका लोक माझा जीव घेतील."

आणि तिनं दोन्ही हातांनी पान ताणून धरलं.