सरूअक्काच्या खिडकीखालचा हंप

सकाळी लोक अंघोळी करून कामाला निघतात, तेव्हा सरूअक्का झोपायला घरी येते. हुबळीतल्या एका खासगी दवाखान्यात ती रात्रपाळीची आया आहे. म्हाताऱ्यांना पुसायचं, त्यांची संडासची भांडी काढायची, कुणी 'अव्वा, अव्वा' करत आईसाठी रडलं तर हात धरून बसायचं. नवरा गेल्यावर ह्याच पगारावर तिनं मुलाला, यशपालला, आयटीआय करवलं. धारवाडात मळमड्डीच्या कडेला आमची चाळ, मी तिचा शेजारी, आणि तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी थेट रस्त्यावर. रिक्षा, स्कूटर, भाजीवाले हे सगळं आधीपासून होतंच. एका लयीतला आवाज असला की माणूस झोपतं. अक्काची झोप मोडली ती हंपानं.

सरकारी कागदावर त्याला गतिरोधक म्हणतात, आमच्याकडे हंप. सुधींद्रराव म्हणून एक निवृत्त साहेब आहेत, त्यांच्या फाटकासमोर शाळेची मुलं रस्ता ओलांडतात. तिथं स्कूटरनं एका पोरीला उडवलं, तेव्हा मी भांडून हंप मंजूर करून आणला. चुन्याची खूणही बरोबर फाटकासमोर पडली. दुसऱ्या दिवशी बघतो तर हंप चाळीसमोर, अक्काच्या खिडकीखाली! साहेब स्वतः उन्हात उभे राहून कामगारांना चहा पाजत होते. "आम्हाला आवाज सोसत नाही हो," म्हणाले. मुलं अजून फाटकासमोरच ओलांडतात. थुंकावंसं वाटलं मला.

हंप म्हणजे काय ते खिडकीशी झोपणाऱ्याला विचारा. बस करकचून थांबते, गुरगुरत पुन्हा निघते, मागचे हॉर्न मारतात. आणि रिकामी ट्रॅक्टर-ट्रॉली आली की साखळ्या, फाळके, सगळं एकदम आदळतं. अक्का दचकून उठून बसायची.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. अंड्यांचे ट्रे लावा, म्हणाले. यशपालनं भिंतभर चिकटवले. आवाज होता तेवढाच राहिला, वर झुरळं झाली. जाड पडद्यानं अंधार झाला, शांतता नाही. शेवटी जुन्या लुगड्यांची कौदी, म्हणजे गोधडी, खिडकीत ठोकली. तिनं जरा फरक पडला, पण मेच्या उन्हात खोलीची भट्टी झाली.

मग ड्यूटीवर स्टुलावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. पेशंटचं सलाईन संपलं, नळीत रक्त चढलं. मेट्रननं बजावलं, पुन्हा झोपलीस तर येऊ नकोस.

"अण्णा," अक्का मला म्हणाली, "आता दिवसा झोप लागंना तर नोकरी गेली म्हण."

ती सकाळी बसमधून उतरली तशी, पिशवीसकट, मी तिला सुधींद्ररावांकडे नेलं.

दारात त्यांच्या पत्नी मधुवंतीबाई. "अगं, आमच्या आईंना दवाखान्यात तूच होतीस ना? फार केलंस हो त्यांचं. बस, तिथंच बस." तिथंच म्हणजे पायरीवर.

"हंप हलवणं माझ्या हातात थोडंच आहे?" साहेब म्हणाले.

"सरकवताना होतं की!"

त्यांनी ते ऐकलंच नाही. "सारखं सरकारकडं काय बघता? स्वतः काही करायला शिका. या, दाखवतो मी काय केलंय ते." मिरवायची हौस दांडगी, त्या हौसेपायी आम्हा दोघांना थेट झोपायच्या खोलीत घेऊन गेले.

जुन्या खिडकीच्या आत वीतभर जागा सोडून जाड काचेची दुसरी खिडकी होती. कडांना रबराची पट्टी, चौकट आणि भिंतीमधल्या फटी बुजवलेल्या. "आवाज फटीतनं येतो. आधी फटी, मग दुसरी काच," म्हणाले. माणूस कसाही असो, सल्ला खरा होता. त्यांनी दोन्ही खिडक्या लावल्या. पलीकडे हंपावर ट्रॉली उसळताना दिसली, पण खोलीत चिटपाखराचाही आवाज नाही. "दिवाळीपासून असा शांत झोपतो!"

हंप तर झाला संक्रांतीनंतर.

"म्हणजे फाटकासमोर असता तरी तुम्हाला ऐकू आला नसता! मग सरकवला कशाला?"

"अहो, घरासमोर बरं दिसत नाही ते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात घोरणं ऐकू आलं. अक्का भिंतीशी, पिशवी उशाला घेऊन, फरशीवर आडवी झाली होती.

"अगं बाई! इथं नको गं, बाहेर व्हरांड्यात," मधुवंतीबाई दारातून ओरडल्या.

अक्कानं एक डोळा उघडला. "बाई, तुमच्या सासूला झोप लागंना तवा रातरातभर पाय दाबलेत मी. दुपारपतोर उठवू नगासा." आणि पुन्हा झोपली.

"उठवा हो हिला," साहेब मला म्हणाले.

"तुम्हीच उठवा. खांदा हलवा, उठेल."

त्यांनी हात पुढं केला. मागं घेतला. का घेतला ते खोलीत जाग्या असलेल्या तिघांनाही माहीत होतं. आईच्या अंगाला मात्र अक्काचा हात चालला होता!

मग त्यांनी डोकं चालवलं आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. सगळा रस्ता आत घुसला. हंपावर ट्रॉली आदळली. अक्का छाती धरून ताडकन उठून बसली, डोळे लाल.

"बघितलंत?" मी म्हणालो. "आणि हे तर लांबून."

अक्कानं पिशवी उचलली. "असूं दे अण्णा, साकु, पुरे झालं. साहेब, हंप हाय तवर मी इथंच येत जाईन झोपाय."

आम्ही फाटकाशी पोचलो नाही तोवर मागून फिनेलचा वास आला. फरशी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी अक्का खरोखर कौदी काखेत घेऊन त्यांच्या बेलवर बोट ठेवून उभी राहिली. दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. आता आजूबाजूचे गॅलरीत येऊन बघत होते. हंप हलवायचे माझे अर्ज कुठल्या फायलीत कुजत पडले होते कोण जाणे, साहेबांचा एक फोन गेला आणि आठवडाभरात हंप उखडून फाटकासमोर आला, मुलं ओलांडतात तिथं. म्हणजे जमत होतं. सगळं पहिल्यापासून जमत होतं!

यशपालनं अंड्यांचे ट्रे ओरबाडून काढले, फटी बुजवल्या, साहेबांसारखी दुसरी काच बसवली. अक्काची नोकरी टिकली. परवा मी त्या साहेबाला शिव्या घालत होतो, तर ती जांभई देत म्हणाली, "घाल की शिव्या. पण अण्णा, माझं घोरणं झाल्यावर घाल. आत्ताच आलोय ड्यूटीवरनं."